कोठीची भूल

नांदेड-देगलूरकडची आम्ही माणसे दुखणे बळावले की हैदराबाद गाठतो. निजामी राजवट १९४८ साली संपली. औषधपाण्याची वाट मात्र मोडली नाही. गेल्या वर्षी सौ.च्या मानेचा एम.आर.आय. काढण्यासाठी कोठीतील एका केंद्रात गेलो. नळकांड्यात डोके शिरताच ती घाबरून ओरडू लागली. तेथला मुलगा 'हिलो नक्को अम्मा' एवढेच दोनदा म्हणाला. तपासणी अर्धवट टाकून आम्ही परतलो.

वास्तविक रुग्णाच्या सोसण्याचा विचार ज्या गावात एके काळी जगाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने झाला, ते हेच हैदराबाद. कोठी हे नावच मुळी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या वाड्यावरून पडले. तेथील सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्म देताना नाडी चाचपत बसू नका, श्वासाकडे पाहा, हा त्यांचा हट्ट. लंडनकरांना तो मान्य नव्हता. क्लोरोफॉर्मने हृदय थांबते, असे त्यांचे मत. वाद मिटविण्यासाठी १८८८ मध्ये हैदराबादेत पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. पुढच्या वर्षी सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि 'लॅन्सेट' नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना येथे पाठविले. चारशेंहून अधिक मुक्या जनावरांवर प्रयोग झाले. त्यांच्या वाट्याला काय आले, हे वाचवत नाही. निष्कर्ष निघाला लॉरींच्या बाजूने.

तो पुरता खरा नव्हता. अपुऱ्या भुलीत हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ च्या सुमारास दाखविले. लॉरी हृदयाविषयी चुकले. पण भूल देणाऱ्याची नजर रुग्णाच्या श्वासावरून ढळू नये, हा त्यांचा आग्रह आजही खोटा ठरलेला नाही.

लॉरींच्याच वैद्यकशाळेतून १८८९ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंनी हैदराबादच्या इस्पितळांत वर्षानुवर्षे क्लोरोफॉर्म दिला. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. उशाशी बाईमाणूस आहे, एवढ्यानेच त्या पडदानशीन काळात किती जणींना धीर आला असेल!

एम.आर.आय.ला भूल सहसा लागत नाही. १९७७ मध्ये डमेडियन यांच्या यंत्रात माणसाच्या छातीचे पहिले चित्र निघायला जवळजवळ पाच तास लागले होते. आता अर्ध्या-पाऊण तासात काम भागते. पण तेवढा वेळही भिणाऱ्याला युगासारखाच.

महिन्याने दुसऱ्या ठिकाणी गेलो. तेथल्या बाईंनी आधी ठकठक आवाजाची कल्पना दिली, कानांत बोळे घातले, हातात रबरी फुगा दिला. 'दाबला की लगेच बाहेर काढते. डोळे मिटा, श्वास सावकाश घ्या.' मला घड्याळ, किल्ल्या काढायला लावून पायाशी उभे केले.

बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, "फुगा दाबायची वेळच आली नाही."