लारेची ‘उडती अँब्युलन्स’

रुग्णवाहिकेच्या इतिहासात वाहनाइतकाच अंतराचाही विचार करावा लागतो. १७९२ साली फ्रान्सच्या ऱ्हाईन सेनेत शल्यवैद्य म्हणून दाखल झालेल्या दोमिनिक ज्याँ लारे (१७६६-१८४२) यास असे आढळले की, लष्करी रुग्णालये नियमानुसार सैन्यापासून एक लीग, म्हणजे सुमारे ४ किलोमीटर, मागे ठेवली जात. लढाई संपेपर्यंत जखमींना उचलले जात नसे; कित्येकांचा उपचारापूर्वीच अंत होई. तोफखान्याची चपळाई पाहून लारेने हलक्या घोडागाड्यांची योजना आखली. १७९७ च्या इटलीतील मोहिमेत तीस पूर्ण रूप आले. दुचाकी गाडीत दोन जखमी आडवे निजत, चारचाकीत चार. गाडी स्प्रिंगांवर बसविलेली असल्याने मोडलेल्या हाडांना हिसके कमी बसत. पुढे इजिप्तमध्ये त्याने हेच काम उंटांच्या दोन्ही अंगांस लांब पेट्या बांधून साधले. जखमीचा हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम लावावा, हा त्याचा दंडक गाडीहून अधिक महत्त्वाचा होय. १८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात जोनाथन लेटरमन याने पोटोमॅक सेनेतील अशा गाड्या वैद्यकीय खात्याच्या ताब्यात आणल्या, कारण त्या इतर कामांस जुंपल्या जात. वाहन उत्तम असले तरी ते कोणाच्या हुकुमाने निघते, यावरच जखमीचे प्राण अवलंबून असतात, हे या दोन्ही प्रयत्नांवरून स्पष्ट होते.