मुहूर्ताचा भाव

हंगामात बाजारात आलेल्या पहिल्या मालाला लिलावात जो चढा भाव मिळतो, त्याला मुहूर्ताचा भाव म्हणतात. वऱ्हाडात तो कापसाला आणि सोयाबीनला मिळतो, वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पहिल्या पेटीला आणि जपानमध्ये ट्यूना माशाला. या प्रथेसाठी उघडा लिलाव लागतो, कारण बोली चारचौघांनी ऐकल्याखेरीज चढ्या भावाचा मान मिळत नाही.

पूर्वी शेतमालाचे सौदे बहुधा रुमालाखाली होत. व्यापारी आणि अडत्या एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आकडा कळत नसे. अमेरिकेतील यादवीमुळे (1861-65) तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. ब्रिटनमधील गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. त्यातून 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. 1928 च्या शाही कृषी आयोगाने इतर प्रांतांनाही वऱ्हाडाचा दाखला दिला. महाराष्ट्राने 1963 मध्ये कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा केला. आवारात उघडी हर्रास, परवानाधारक अडते आणि मापाडी ही व्यवस्था त्यातून रूढ झाली.

मुहूर्ताच्या दिवशी काट्याची पूजा होते, नारळ फुटतो आणि माल आणणाऱ्या शेतकऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मग व्यापारी बोली चढवत नेतात. पहिली गाडी घेणाऱ्याचे नाव बाजारात होते, वर्तमानपत्रात भाव छापून येतो आणि बाजार समितीकडे आवक वळते. माल थोडाच असल्याने व्यापाऱ्याला जादा खर्च झेपतो.

कापसाच्या बाबतीत ही प्रथा मध्यंतरी खंडित झाली. 1972 मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. सुमारे तीन दशके या योजनेखाली कापूस ठरलेल्या दराने घेतला जात होता, त्यामुळे बोली लावायला जागाच उरली नाही. पुढे विदर्भात सोयाबीनचा पेरा वाढला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मुहूर्ताचा मान त्याच्याकडे आला.

या प्रथेचे सर्वांत खर्चिक रूप तोक्योत दिसते. तेथील मासळी बाजार 2018 मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षातील पहिला लिलाव होतो. 2013 मध्ये 222 किलोच्या ट्यूनाला 15.54 कोटी येन मिळाले. 5 जानेवारी 2019 रोजी 278 किलोचा मासा 33.36 कोटी येनांना, म्हणजे किलोला 12 लाख येन या दराने गेला. दोन्ही वेळा खरेदीदार सुशी उपाहारगृहांच्या साखळीचे मालक कियोशी किमुरा होते. एवढी रक्कम त्या माशाच्या विक्रीतून निघत नाही, ती प्रसिद्धीतून वसूल होते. 2021 मध्ये महामारीने उपाहारगृहे ओस पडली होती, तेव्हा पहिल्या लिलावातील सर्वोच्च भाव 2.08 कोटी येनांवर आला.

प्रत्येक चढा भाव मात्र मुहूर्ताचा नसतो. ऑगस्ट 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील मच्छीमारांच्या जाळ्यात सुमारे दीडशे घोळ मासे आले आणि त्यांना 1.33 कोटी रुपये मिळाले. घोळीच्या पोटातील वायुपिशवीला औषधे आणि शस्त्रक्रियेचे विरघळणारे धागे यांसाठी परदेशात मागणी असते. तो भाव मालाच्या उपयोगाचा होता.

मुहूर्ताचा आकडा वाचून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो भाव सहसा मिळत नाही. आवक वाढली की भाव उतरतो आणि ओलावा, काडीकचरा व दाण्याची प्रत पाहून बोली लागते. सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपर्यंतचा ओलावा हमीभावाच्या खरेदीत चालतो. 2025-26 साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरवला. हंगामाचा अंदाज बांधताना असा हमीभाव आणि रोजची हर्रास हेच उपयोगी पडतात. मुहूर्ताच्या भावावरून मालाला गिऱ्हाईक आहे एवढे कळते, पण संपूर्ण हंगामाच्या दराबद्दल त्यातून काही ठरत नाही.