साठीनंतर एमएसची औषधे थांबवावीत का? निर्णयाआधी काय पाहायचे

बेळगाव : मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, हा तरुणपणी गाठणारा आजार. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. ज्यांचे निदान वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झाले, ती पिढी आता साठीच्या आसपास आली आहे. कित्येकांना दहा-दहा वर्षांत एकही अटॅक आलेला नाही, पण इंजेक्शन किंवा गोळी चालूच आहे. मग घरात विषय निघतो, ‘डॉक्टर, आईला आता हे किती दिवस द्यायचं?’

प्रश्न रास्त आहे. खर्च आहे, दर काही महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या आहेत, बाहेरगावच्या फेऱ्या आहेत. आणि उत्तर सगळ्यांना एकच नाही. कोणते औषध चालू आहे, वय काय आणि आजार किती वर्षे शांत आहे, यावर ते ठरते.

आधी आजाराचे गणित समजून घेऊ. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. डोळ्याला अचानक अंधारी येणे, पाय लुळा पडणे, अंग बधिर होणे असा अटॅक येतो, त्याला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात. सध्याची बहुतेक औषधे ही सूज रोखतात. वय वाढते तशी प्रतिकारशक्तीच थकते आणि अटॅक आपसूक कमी होतात. पण आतून मज्जातंतूंची हळूहळू होणारी झीज थांबत नाही, आणि तिच्यावर ही औषधे फारशी चालत नाहीत. म्हणून चालणे हळूहळू मंदावत असेल तर ते ‘औषध कमी पडतंय’ म्हणूनच असेल असे नाही, आणि औषध वाढवून ते सुधारेलच असेही नाही.

२०१७ मध्ये ३८ औषध-चाचण्यांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. सरासरी काढली तर साधारण ५३ वर्षांनंतर या औषधांचा फायदा दिसेनासा होतो, असा त्याचा अंदाज होता. मात्र बहुतेक चाचण्यांत ५५ वर्षांपुढचे रुग्ण घेतलेच जात नाहीत. म्हणजे ज्यांचा प्रश्न आहे त्यांचीच माहिती कमी. शिवाय सरासरी ही सरासरीच. दुकानाचा सरासरी नफा बघून एका गिऱ्हाइकाची उधारी ठरत नाही.

थेट प्रयोग झाला तो अमेरिकेत, डॉ. जॉन कॉर्बॉय यांच्या नेतृत्वाखाली. ‘डिस्कॉम्स’ नावाच्या या चाचणीत ५५ वर्षे किंवा जास्त वयाचे २५९ रुग्ण होते. पाच वर्षांत अटॅक नाही आणि तीन वर्षांत एमआरआयमध्ये नवा डाग नाही, अशांनाच घेतले होते. निम्म्यांचे औषध चालू ठेवले, निम्म्यांचे थांबवले. २०२३ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत नवा अटॅक किंवा एमआरआयमध्ये नवा वा वाढलेला डाग दिसला तो औषध चालू असलेल्या १२८ पैकी ६ जणांत, आणि थांबवलेल्या १३१ पैकी १६ जणांत. शंभराच्या हिशेबात सांगायचे तर एकीकडे पाच, दुसरीकडे बारा.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. थांबवले तर धोका अडीच पट, असे म्हटले की माणूस घाबरतो. थांबवलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांना काहीच झाले नाही, असे म्हटले की तोच माणूस निर्धास्त होतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. आणखी एक गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष अटॅक दोन्ही गटांत अगदी मोजकेच होते, एकीकडे एक आणि दुसरीकडे तीन. बाकी बहुतेक फरक एमआरआयवरच्या डागांचा होता. तरीही ‘थांबवणे हे चालू ठेवण्याइतकेच सुरक्षित’ असे ही चाचणी सिद्ध करू शकली नाही.

नेदरलँड्समध्ये ‘डॉट-एमएस’ चाचणी झाली. तिथे वयाची अट सैल होती, पण आजार पाच वर्षे शांत असणे गरजेचे होते. औषध थांबवलेल्या ४५ पैकी ८ जणांत आजार पुन्हा जागा झाला, चालू ठेवलेल्या ४४ पैकी एकाही जणात नाही. ती चाचणी मुदतीआधीच बंद करावी लागली. म्हणजे पन्नाशीच्या आतबाहेर असताना ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर औषध सोडणे महागात पडू शकते.

औषध कोणते, हा खरा मुद्दा

डिस्कॉम्समधले बहुतेक रुग्ण इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर अशा जुन्या, सौम्य औषधांवर होते. तो निकाल सगळ्या औषधांना लावता येत नाही. फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब ही दोन औषधे अचानक बंद केली तर काही महिन्यांत आजार उसळून येऊ शकतो, कधी पूर्वीपेक्षाही जोरात. ही औषधे ‘या महिन्यात मेडिकलमध्ये मिळाली नाहीत’ म्हणूनसुद्धा खंडित होऊ देऊ नयेत. थांबवायची असतील तर डॉक्टर सहसा दुसऱ्या औषधावर नेतात. टेरिफ्लुनोमाइड बंद केल्यावरही बरेच महिने रक्तात राहते, त्यामुळे पहिले काही महिने काही झाले नाही यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

रिटुक्सिमॅबची गोष्ट वेगळी. त्याची भारतीय आवृत्ती २००७ पासून मिळते आणि एमएससाठी आपल्याकडे ते बरेच वापरले जाते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याचा परिणाम डोस संपल्यावरही काही महिने टिकतो. पण वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात, आणि वयस्कर माणसाला छातीचे, लघवीचे संसर्ग वारंवार होऊ लागतात. सत्तरीत वर्षातून दोनदा न्यूमोनियाने ॲडमिट होणाऱ्या माणसाच्या बाबतीत तराजूचे पारडे बदलते. फिंगोलिमॉड घेणाऱ्याला मधुमेह असेल तर डोळ्यांच्या पडद्याला सूज येण्याचा धोका जास्त, हेही याच हिशेबात धरायचे.

निदान नक्की एमएसचेच आहे ना?

हा प्रश्न जुन्या रुग्णांच्या बाबतीत फार महत्त्वाचा. एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच दिसतो. त्याला वेगळे ओळखणारे प्रतिपिंड २००४ मध्ये सापडले. त्याआधीच्या फायलींवर ‘एमएस’ लिहिलेले सगळेच एमएस असेल असे नाही. आपल्या देशात एनएमओचा वाटाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एनएमओमध्ये वय झाले म्हणून औषध थांबवणे धोक्याचे आहे, कारण त्याचा एकच अटॅक दृष्टी किंवा पाय कायमचे घेऊन जाऊ शकतो. ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची रक्ततपासणी कधी झाली नसेल तर औषध थांबवण्याची चर्चा करण्याआधी ती करून घ्यावी.

घरच्यांची आणखी एक गल्लत होते. ‘एमएसचं औषध बंद’ म्हटले की सगळाच डबा बंद होतो. पायाचा ताठरपणा घालवणारी बॅक्लोफेनची गोळी एकदम तोडली तर फिट येणे, भास होणे इथवर प्रकार जाऊ शकतो. ती हळूहळूच कमी करायची. लघवीची, वेदनेची औषधे या निर्णयात येत नाहीत.

थांबवायचे ठरलेच, तर आधी एक एमआरआय करून ठेवतात, मग साधारण सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाने पुन्हा. शक्यतो एकाच सेंटरला, एकाच पद्धतीने. एकदा मिरजेला, एकदा हुबळीला असे केले की दोन फिल्म जुळवताना डॉक्टरांचाही गोंधळ होतो. जुन्या सीडी टाकून देऊ नयेत. थांबवणे म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडे जाणे थांबवणे नव्हे, हे सांगायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी नेमके तेच होते.

औषधाच्या जागी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे सुरू करण्याची आपल्याकडे हौस आहे. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच उलटलेली असते, तिथे ती वाढवून काय साधणार? गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. टेरिफ्लुनोमाइडही यकृतावर ताण देते.

थांबवल्यानंतर काही वाटले तर? एप्रिल-मेच्या उन्हात किंवा तापात जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात आणि अंग थंड झाले की जातात. लघवीच्या संसर्गानेही तसेच होते, म्हणून आधी लघवी तपासावी. गुडघे झिजले, मानेच्या मणक्यात दाब आला, तरी चाल बिघडते. पण ताप किंवा संसर्ग नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकले तर वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. अटॅक असेल तर स्टेरॉइड देता येते आणि थांबवलेले औषध पुन्हा सुरूही करता येते. फक्त रिटुक्सिमॅब पुन्हा सुरू करताना हिपॅटायटिस-बीची तपासणी आधी लागते, आणि नागिणीची किंवा न्यूमोनियाची लस घ्यायची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून ती औषधाच्या सुट्टीतच उरकून घेतलेली बरी.