हीम : रक्तातील लोहाचे कोंदण

धानासाठी प्रसिद्ध असलेल्या गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात बांध्या हिरव्यागार होतात. धानाच्या पानांतील हा हिरवा रंग आणि आपल्या रक्तातील लाल रंग यांचे रासायनिक कूळ एकच आहे. पॉर्फिरीन नावाच्या कड्याच्या मध्यभागी नत्राचे चार अणू असतात. त्यांच्यामध्ये मॅग्नेशियम बसले की हरितद्रव्य घडू लागते आणि लोह बसले की हीम तयार होते.

मानवी शरीरात हीमची घडण आठ टप्प्यांत होते. प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र विकर लागते. पहिल्या टप्प्यात पेशीतील मायटोकॉन्ड्रियामध्ये ग्लायसीन हे अमिनो आम्ल आणि सक्सिनिल कोएन्झाइम-ए यांचा संयोग होतो. पुढील चार टप्पे पेशीद्रवात, तर शेवटचे तीन पुन्हा मायटोकॉन्ड्रियामध्ये पार पडतात. अखेरीस कड्यात लोह बसविले जाते. बहुतांश हीम अस्थिमज्जेत बनते. यकृताचा वाटा त्याखालोखाल असतो. हीममधील नत्र ग्लायसीनमधून येते, हे अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञ डेव्हिड शेमिन यांनी १९४५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगातून उघड झाले. त्यासाठी त्यांनी जड नत्रयुक्त ६६ ग्रॅम ग्लायसीन सेवन केले होते.

हिमोग्लोबिनच्या रेणूत ग्लोबिन प्रथिनाच्या चार साखळ्या असतात व प्रत्येकीत एक हीम असते. सिकलसेल आजार आढळणाऱ्या पूर्व विदर्भात हीम आणि ग्लोबिन यांतील फरक जाणून घेणे अगत्याचे आहे. लोह कमी पडल्यास हीम अपुरे बनते. सिकलसेलमध्ये हीम निर्दोष असते. दोष असतो तो बीटा ग्लोबिन साखळीत. तेथे सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. परिणामी ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि अकाली नष्ट होते.

थकवा व फिकटपणा दोन्हींत दिसतो. उपचार मात्र भिन्न आहेत. लोहाच्या गोळ्यांनी ग्लोबिनमधील दोष दूर होत नाही. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णांत तर अतिरिक्त लोह साठून यकृत व हृदयास अपाय होऊ शकतो. म्हणूनच निदानासाठी रक्ततपासणी आवश्यक ठरते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचे उद्दिष्ट वर्ष २०४७ आहे. विवाहापूर्वीची साधी रक्ततपासणी हे त्या दिशेने प्रत्येकाला टाकता येण्याजोगे पाऊल होय.