धारवाडचे मनोरुग्णालय आणि घरातली मुलगी

धारवाड शहरात बेळगाव रस्त्यालगत जी मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आज ‘डिमहान्स’ या नावाने ओळखली जाते, तिचे मूळ १८४५ साली ब्रिटिश अमलात सुरू झालेल्या वेड्यांच्या इस्पितळात सांगितले जाते. धारवाड जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आधी मुंबई इलाख्यात आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मोडत असल्याने रत्नागिरी, येरवडा, ठाणे यांच्याच पंक्तीत या इस्पितळाचे नाव येई, आणि हुबळी-धारवाडकडच्या कानडी व मराठी अशा दोन्ही घरांना तेच जवळ पडे. अशा संस्थांचा इतिहास इमारती, अधीक्षक आणि नामांतरे यांच्या आधारे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु आजारी मुलीच्या बाबतीत ज्या घराने तिला सांभाळले, लपवले किंवा दवाखान्याच्या दारापर्यंत आणले, त्या घराची नोंद या इतिहासात फारशी सापडत नाही.

याचे एक कारण कायद्यातच आहे. १८५८ चा वेड्यांसंबंधीचा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९१२ चा ‘ल्युनसी अ‍ॅक्ट’ यांचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला ताब्यात घेण्याचा अधिकार १९१२ च्या कायद्याने पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला दिला होता, मात्र घरातल्या माणसाला दाखल करायचे तर नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करावा, अर्जदाराने रोग्याला मागच्या चौदा दिवसांत स्वतः पाहिलेले असावे आणि सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, त्यांतला एक सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा, जोडावेत अशी अट होती. स्वखुशीने राहू इच्छिणाऱ्यासाठी वेगळी वाट होती, पण आपण आजारी आहोत हेच ज्या रोगात रोग्याला बहुधा पटत नाही, त्या रोगात तिचा उपयोग बेताचाच. लग्नाच्या वयाच्या मुलीचे नाव कचेरीच्या कागदावर चढले, की तिचेच नव्हे तर पाठच्या बहिणींचेही स्थळ मोडण्याची धास्ती बापाला असे, आणि त्यामुळे मागची खोली हाच पुष्कळ घरांचा पहिला वॉर्ड झाला असल्यास नवल नाही.

या रोगाचे स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली प्रथम मांडले. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, जेवणात विष कालवले आहे अशी खात्री वाटणे, बोलण्याचा धागा तुटणे आणि पुढे पुढे न्हाण्याखाण्याचीही इच्छा न उरणे ही त्याची लक्षणे असून तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. घरात मात्र त्याला ‘बाहेरचं’, ‘करणी’, ‘वारं लागलं’ असेच म्हटले गेले आणि इलाजाच्या वाटाही त्याप्रमाणे ठरल्या. नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर येथे मुक्काम करून ‘सेवा’ करायची, आईने पाच घरी माधुकरी मागायची, मुलीला संगमावर स्नान घालायचे आणि आरतीच्या वेळी ती घुमते का ते पाहायचे, असा तो क्रम असे. या प्रकारांना सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तेथे आजारी मुलीला चारचौघांत वावरता येई आणि तिच्या आईला कोणी जाब विचारत नसे, हेही लक्षात घ्यावे लागते. सौंदत्तीच्या यल्लम्माची वाट मात्र निराळी होती. विंचरणे सुटलेल्या केसांत जट धरली की तो देवीचा कौल समजून मुलीला देवदासी म्हणून सोडण्याची चाल या भागात होती, आणि ती मोडण्यासाठी मुंबई इलाख्याने १९३४ साली व कर्नाटकाने १९८२ साली कायदे केले.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवरील गुण फ्रान्समध्ये दिसून आला आणि गोळ्या घेऊन घरी राहणे शक्य झाले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रोग्याजवळ राहू दिले, आणि कुटुंब हे उपचारात सहभागी असते हे भारतात प्रथमच इतक्या उघडपणे मान्य झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते, त्यात विकसनशील देशांतील रोगी तुलनेने बरे राहतात असे आढळले, तेव्हा त्याचे श्रेय अनेकांनी एकत्र कुटुंबाला दिले. ते श्रेय देताना, रात्री दाराशी आडवी पडणारी, गोळी गिळली की गालात धरली हे तोंड उघडून पाहणारी बाई बहुधा आईच होती, हे मात्र फारसे कोणी मांडले नाही.

विवाहाच्या कायद्याने मुलीच्या घराची कोंडी वाढवली. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकाराची व्याख्या घालताना स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख केला. नुसते रोगाचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता सहजीवन अशक्य करणारी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले. तथापि निकालाची ही बारीक रेघ सोयरिकीच्या बोलण्यात कोण पाहणार? ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून आजार झाकून दिलेली मुलगी अशा वेळी माहेरी परत येई, आणि तोवर आईबाप थकलेले असत.

याविषयी उघड बोलणे मराठीत उशिरा सुरू झाले. पत्नीच्या आजारपणातून या कामाकडे वळलेले, कॅनडातील कॅलगरी येथील प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली, आणि २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटाने आजारी भावाला सांभाळणारी बहीण पडद्यावर आणली. आजारी बहिणीला सांभाळणारा भाऊ मात्र कथेत काय किंवा घरात काय, भावजयीच्या संमतीवर अवलंबून राहतो.

धारवाडच्या जुन्या इस्पितळाला २००९ साली बेंगळूरच्या निमहान्सच्या धर्तीवर स्वायत्त संस्थेचे रूप आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला स्वतःचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचाराच्या निर्णयात साहाय्य करणारी व्यक्ती, निवडण्याचा हक्क दिला आहे. तसे नाव दिलेले नसेल तर नातेवाईक, नातेवाईक नसेल तर सांभाळ करणारी व्यक्ती, तीही नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, आणि तशी कोणीच मिळाली नाही तर समाजकल्याण विभागाचा संचालक, असा उतरता क्रम कायद्यात लावलेला आहे. ‘आमच्यामागे हिचं कोण?’ असे विचारणाऱ्या आईबापांना सरकारने आजवर दिलेले सर्वांत नेमके लेखी उत्तर एवढेच आहे.