‘राजरोग’: एका संज्ञेचा सामाजिक इतिहास

क्षयाला मराठीत ‘राजरोग’ असे एक जुने नाव आहे. संस्कृत ‘राजयक्ष्मा’ या शब्दाशी ते निगडित असून त्याची उपपत्ती दोन प्रकारे लावण्यात येते. एका मताने तो रोगांचा राजा. दुसऱ्या मताने तो राजाचा रोग, म्हणजे नक्षत्रांचा राजा जो चंद्र त्याला प्रथम जडलेला. दक्षाच्या कन्यांशी विवाह करून एकट्या रोहिणीवर आसक्त राहिलेल्या चंद्राची कथा चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात येते, ती या दुसऱ्या मताला आधार होय. व्याकरणदृष्ट्या दोन्ही विग्रह संभवतात. लोकव्यवहाराने मात्र तिसराच अर्थ रूढ केला. ज्याचे औषधपाणी श्रीमंतालाच झेपावे, जो सुखासीन माणसाला व्हावा, तो राजरोग. याच अर्थाने पुढे मधुमेहाला व हृदयविकारालाही हे नाव बोलण्यात चिकटले.

रोग सुखवस्तूंचा की कष्टकऱ्यांचा, हा प्रश्न वरवर नावापुरता दिसतो. तथापि प्रौढ माणूस आजारी का पडतो याविषयी समाजाची जी धारणा असते ती अशा नावांतून वाहत येते. आणि ती धारणा चुकली म्हणजे उपायही चुकीच्या दारी जातो. क्षय, हृदयविकार व मधुमेह या तिन्ही ‘राजरोगां’चा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

प्रथम चरकाकडे वळावे. निदानस्थानात राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत: साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. यांपैकी ‘साहस’ म्हणजे स्वतःच्या बळाबाहेर केलेले श्रम. बलवानाशी झुंजणे, अति भार वाहणे इत्यादी त्याची उदाहरणे होत. ती राजाची खास नव्हेत, हे सांगावयास नको. ‘संधारणा’चे विवरण त्याहून विलक्षण आहे. राजाच्या समीप, धन्याच्या समीप, गुरूच्या पायाशी किंवा सभेत बसलेला माणूस भयाने, संकोचाने वा लज्जेने शरीराचे नैसर्गिक वेग आवरून धरतो आणि त्यातून रोगाचा उगम होतो, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक शोधांची बीजे प्राचीन ग्रंथांत शोधण्याची जी हौस आपल्याकडे आहे तिला येथे थारा देण्याचे कारण नाही. क्षयाचे कारण जंतू आहे हे रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये दाखविले आणि चरकाला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु एवढे खरे की, ज्या ग्रंथात रोगाला राजाचे नाव आहे त्याच ग्रंथात राजापुढे बसलेल्या माणसाचा देह वैद्याच्या नजरेतून निसटलेला नाही.

कॉखच्या शोधानंतर क्षयाचे राजेपण फार दिवस टिकले नाही. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढील अर्धशतकात कोकण व देशावरून आलेली माणसे गिरणगावाच्या चाळींत दाटली. १८९६ च्या प्लेगने या दाटीकडे सरकारचे लक्ष ओढले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी उभारल्या. या ‘सुधारलेल्या’ चाळीतील खोलीही सुमारे १६० चौरस फुटांची. तीत एक कुटुंब, शिवाय गावाकडचे दोन-चार सोबती. अशा ठिकाणी खोकणाऱ्या माणसाला वेगळे निजविणार कोठे? वैद्यकाने सांगितलेला विश्राम, मोकळी हवा व सकस अन्न ही तिन्ही पथ्ये खोलीच्या उंबरठ्यावरच अडत.

येथे एका प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण तो वरील विधानाला छेद देणारा वाटतो. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात क्षयाच्या काही रुग्णांना आरोग्यधामात व काहींना त्यांच्या गरीब घरीच ठेवून तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांना विश्रांती कमी व अन्न निकृष्ट मिळूनही गुण जवळजवळ सारखाच आला. यावरून परिस्थिती गौण व औषध प्रधान असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो बरे होण्यापुरता योग्य होता. आजारी पडण्यास तो लागू नव्हता. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना नियमित शिधा पुरवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना अधिक शिधा मिळाला त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. जंतू तोच, घर तेच. फरक पडला तो धान्याने व डाळीने.

राजेपण क्षयाकडून निघाले ते विसाव्या शतकात हृदयविकाराकडे आले. या स्थित्यंतराचा पुरावा इंग्लंडात शोधावा लागतो, कारण मृत्यूची नोंद व्यवसायासह ठेवण्याची परंपरा तेथे जुनी आहे. १८४२ च्या एड्विन चॅडविकच्या अहवालात लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील मृत्यूचे सरासरी वय सभ्य गृहस्थवर्गात ४५, व्यापाऱ्यांत २६ आणि मजुरांत १६ असे दिले आहे. (या सरासऱ्यांत बालमृत्यू मिसळलेले असल्याने मजूर सोळाव्या वर्षी मरत असे त्यांतून समजणे चूक होय.) अशा देशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयधमन्यांच्या विकाराची नोंद मात्र वरच्या वर्गात अधिक आढळे. विल्यम ऑस्लरसारख्या थोर वैद्यानेही १९१० च्या आपल्या व्याख्यानांत या रोगाचा संबंध बुद्धिजीवी पेशांशी, विशेषतः डॉक्टरांशी, जोडला होता. यात तथ्याचा अंश असेल. परंतु ऑस्लरकडे तपासून घेण्यास येत कोण, हेही विचारले पाहिजे. रोगाला नाव देणारा वैद्य ज्यांना पाहतो त्यांचाच तो रोग, असे पुष्कळदा घडते. गोदीतील हमालाच्या छातीत कळ आली तर तिची नोंद कोणत्या शीर्षकाखाली होत असे हा निराळा विषय आहे.

या समजुतीला पहिला धक्का बसगाड्यांतून बसला. जे. एन. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी अभ्यासून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या पत्रात असे दाखविले की, दुमजली बसमध्ये दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरपेक्षा दिवसभर बसून असणाऱ्या चालकाला हृदयविकार अधिक होतो व तो अधिक घातकही ठरतो. पगार, वस्ती, वर्ग जवळजवळ एकच असता हा फरक पडला. व्यायामाच्या महतीचा हा आद्य पुरावा म्हणून सर्वत्र सांगितला जातो. त्याचे उत्तरकांड मात्र क्वचितच सांगण्यात येते. १९५६ मध्ये याच मंडळींनी गणवेशांच्या मापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता आणि तरुण वयापासूनच मोठा होता. म्हणजे काम देहाला घडवीत होते की मुळात निराळ्या देहाची माणसे निराळ्या कामाकडे जात होती, हा प्रश्न स्वतः मॉरिस यांच्या गटानेच उभा केला. संशोधकाने आपल्या गाजलेल्या निष्कर्षावर शिंप्याची फीत धरावी, हे विद्येच्या इतिहासात विरळा दिसते.

निर्णायक पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांनी पुरविला. डोनल्ड रीड व जेफ्री रोझ यांनी १९६७ मध्ये व्हाइटहॉलमधील चाळीस ते चौसष्ट वर्षे वयाच्या पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी आरंभिली. मायकेल मार्मट यांनी रोझ व इतरांसह १९७८ मध्ये जे निष्कर्ष मांडिले ते १७,५३० पुरुषांविषयीचे होते. साडेसात वर्षांच्या अवधीत सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपायांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या प्रशासकांच्या ३.६ पट आढळले. यांपैकी कोणीही उपाशी नव्हता, कोणी बेकार नव्हता, सर्वांना १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा उपलब्ध होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दरी केवळ टोकाच्या दोन श्रेणींत नव्हती. ती पायरीपायरीने होती. बऱ्या पगाराचा अधिकारीही आपल्याहून वरच्यापेक्षा अधिक धोक्यात होता.

यावर स्वाभाविक आक्षेप असा की खालच्या श्रेणीतील माणसे विड्या-सिगारेटी अधिक ओढत असतील. ती तशी ओढत होतीच. त्यांचा रक्तदाबही अधिक होता, उंचीच्या मानाने वजन अधिक होते, फावल्या वेळातील हालचाल कमी होती. तथापि या सर्वांचा हिशेब वजा केल्यावरही श्रेणी व मृत्यू यांचा संबंध बळकट राहिला. १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात स्त्रियांसह १०,३०८ कर्मचारी घेण्यात आले आणि १९९७ मध्ये असे मांडण्यात आले की, स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती यावर या दरीचा मोठा भाग अवलंबून आहे. धन्याच्या समीप बसलेला चरकाचा माणूस येथे आठवल्यावाचून राहत नाही.

वादाचा शेवट मात्र येथे झाला नाही. त्याच कर्मचाऱ्यांच्या सवयी एकदाच न मोजता चोवीस वर्षांत पुनःपुन्हा मोजल्या तेव्हा मृत्यूतील दरीचा बराच मोठा भाग सवयींनी उलगडतो, असे २०१० मध्ये दिसून आले. सवयींचे समर्थक विजयी झाले असे वाटावे, तोच पुढील वर्षी फ्रान्सच्या वीज व गॅस मंडळातील कर्मचाऱ्यांशी तुलना प्रसिद्ध झाली. फ्रान्समध्येही वरच्या-खालच्या श्रेणींतील मृत्यूची दरी होती, परंतु सवयींनी तिचा अल्प अंशच उलगडत होता. कारण तेथे धूम्रपान व आहार यांची वाटणी श्रेणीनुसार इतकी झालेली नव्हती. अर्थात सवय ही देहावर परिणाम करते हे निर्विवाद. पण कोणती सवय कोणत्या श्रेणीच्या वाट्यास यावी, हे देशपरत्वे ठरते. धूम्रपानाचेच पाहावे. डॉल व हिल यांचा फुप्फुसाच्या कर्करोगाविषयीचा निबंध १९५० मध्ये आला. तो प्रथम ज्यांनी वाचला व मनावर घेतला ते डॉक्टरच होते. पुढे सुशिक्षित वर्ग सिगारेट टाकीत गेला आणि ती हळूहळू श्रमिकांची खूण बनली.

राज्यकर्त्यांना हा विषय रुचला नाही, हेही नोंदविले पाहिजे. १९७७ मध्ये नेमलेल्या सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने आरोग्यातील विषमतेचे मूळ मुख्यतः राहणीमानात दाखविले व बालकांसाठी खर्च वाढविण्याची शिफारस केली. १९८० मध्ये सरकार बदललेले होते. अहवालाच्या अवघ्या २६० प्रती, त्याही सुट्टीच्या दिवशी, वाटण्यात आल्या.

याच सुमारास ‘लाइफस्टाइल’ हा शब्द आरोग्याच्या चर्चेत सर्रास आला आणि त्याचा ‘जीवनशैली’ हा प्रतिशब्द मराठीने स्वीकारला. ‘शैली’ हा शब्द ‘शील’पासून आलेला आणि साहित्यविचारात मुरलेला. शैली लेखक आपली आपण निवडतो, निदान तसे मानले जाते. ‘जीवनशैलीजन्य आजार’ म्हटले की आजारी माणसाने तो निवडला असा ध्वनी आपोआप निघतो. मराठीचा जुना शब्द ‘राहणी’ हा होय. तो ‘राहणे’ या धातूचा. त्यात माणूस कसा राहतो आणि कोठे राहतो यांची फारकत झालेली नाही. ब्लॅक समितीचे सारे म्हणणे या एका शब्दात मावले असते.

तिसरा राजरोग मधुमेह. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असे वर्णिले आहे. त्याच्या चिकित्सेत निर्धनाने छत्री-जोड्यावाचून भिक्षा मागत शंभर योजने चालावे, अशी एक आज्ञा आहे. म्हणजे निर्धनालाही हा रोग होतो हे गृहीतच होते. पुढील लोकसमजूत ते विसरली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले त्यांत बहुतेक ठिकाणी मधुमेह सुखवस्तूंतच अधिक होता. परंतु महाराष्ट्र, तमिळनाडू व चंडीगड येथील शहरी भागांत क्रम उलटा लागला होता. तेथे खालच्या आर्थिक स्तरात तो अधिक आढळला.

या उलट्या क्रमाचा एक धागा पुणे जिल्ह्यातील खेड्यांपर्यंत जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडातील साउदम्टन येथील बालकांचे ३.५ किलो. पण वजन, स्नायू व उंची यांत मागे असलेल्या या बालकांची त्वचेखालील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. लहान चणीच्या या देहात मधुमेहाची पूर्वतयारी जन्मतःच असते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. त्याच गावांतील आणखी एक नोंद अशी की, गरोदरपणात शेतकाम, पाणी वाहणे, कपडे धुणे यांचा भार ज्या स्त्रियांवर अधिक होता त्यांची बालके सरासरीने लहान जन्मली. चरकाच्या परिभाषेत हे ‘साहस’च; फक्त ते केले आईने आणि भोगले मुलाने. ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. बहुतेक अंगाने सडपातळ होती, आणि त्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक जणांच्या रक्तातील साखर तोवरच मर्यादेबाहेर गेलेली होती.