सह्याद्रीतील एक आकाशवाणी आणि आपला वृत्तपत्रेतिहास

कार्तिकी एकादशीला आमच्या साजगावी बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. विठ्ठलाच्या दारात सुक्या बोंबलांचा बाजार, हे कोड्यात टाकणारे दृश्य बाहेरच्या पाहुण्यास आम्ही कौतुकाने दाखवितो. जत्रेत माल विकला जाई तशा बातम्याही पोचत, असे येथील जुनी माणसे सांगतात. पदवीच्या वर्गात मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकविताना मात्र आम्ही छापील कागदापलीकडे पाहत नाही. 1832 चे ‘दर्पण’, मग ‘केसरी’, मग पुढचे सारे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, छापायलाच बंदी असेल तर?’’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही गोव्याच्या सीमेपर्यंत पोचलो.

1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यात मराठी नियतकालिकांस बहर आला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचा ‘भारत’ त्यांतला ठळक. 1926 नंतर, विशेषतः सालाझारच्या राजवटीत, सारे उलटले. लग्नाची निमंत्रणपत्रिकाही तपासनिसाकडे धाडावी लागे, म्हणजे इथे वाङ्मयाची कथा काय! लिहिणारे मुंबईला आले. बा. भ. बोरकरांनी ‘आमचा गोमंतक’ आणि ‘पोर्जेचो आवाज’ यांच्या संपादनाचे काम केले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी 1953 मध्ये ‘फ्री गोवा’ काढले. बोरकरांच्या कवितांवर आपण तासन्‌तास बोलतो, त्यांच्या संपादकीय काळाचा उल्लेख एका वाक्यात उरकतो. आम्हीही तेच केले आहे.

परंतु मुंबईत छापलेला अंक गोव्यात नेणार कोण? 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, भारताने सीमा बंद केली, आर्थिक नाकेबंदी आली. मुंबईतल्या चाकरमान्याने घरी पाठवावयाची मनीऑर्डर अडली. गोव्यात बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून येऊ लागला. घर एका बाजूला, मिळविता दुसऱ्या बाजूला आणि मधली वाट तुटलेली. अशा वेळी 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या रानातून एक आवाज निघाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे चालक. प्रारंभी निकोलाव मिनेझिस हेही बरोबर होते. यंत्रसामग्री एका ट्रकवर बसविलेली. पुढे मुक्काम कॅसलरॉककडे हलला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. कोंकणी आणि पोर्तुगीज. गोव्यातील प्रजेला कोंकणीतून सांगायचे आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सुनवायचे, अशी ही विभागणी.

लिबियाबाईंची पूर्वकथा आम्हांस विलक्षण वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत त्या इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याच्या कामावर होत्या, पुढे आकाशवाणीच्या ग्रंथालयात. दुसऱ्यांची पत्रे चाळणारी तरुणी दहा-बारा वर्षांत स्वतःच तपासनिसाच्या आवाक्याबाहेर जाऊन बोलू लागली. सहा वर्षे, रानात, पावसाळ्यासकट. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस अधिक सांगणे नलगे.

हे केंद्र स्वतंत्र होते काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. ते भारतीय भूमीवर होते. भारत सरकारचा डोळा चुकवून सहा वर्षे चालले असे कोणी मानणार नाही. डिसेंबर 1961 मध्ये तर गव्हर्नर-जनरलने शरण यावे हे आवाहन संरक्षण खात्याच्या सांगण्यावरूनच त्यावरून झाले. 19 डिसेंबरला दोघांनी भारतीय वायुदलाच्या विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता सांगितली. तेव्हा ‘स्वतंत्र’ हे विशेषण आम्ही जपूनच वापरू. पोर्तुगीज सत्तेपासून स्वतंत्र, हे निश्चित. दिल्लीपासून किती, हे तपासण्यासारखे आहे. 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता यांच्या काँग्रेस रेडिओला असे छत्र नव्हते. तो 27 ऑगस्टला सुरू झाला आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला. छत्र असणे आणि नसणे यांत अडीच महिने आणि सहा वर्षे इतके अंतर पडते.

आमची अडचण निराळी आहे. हा आवाज मराठी नव्हता. गोव्याच्या भाषावादात आपल्या साहित्यिकांनी घेतलेल्या भूमिका सर्वांस ठाऊक आहेत; कोंकणीला बोली ठरविणाऱ्यांत आपले अनेक गुरुजन होते. त्याच कोंकणीतून, सह्याद्रीतल्या रानातून, सहा वर्षे रोजचे वृत्त गेले आणि मराठी वृत्तपत्रेतिहासाने त्याची दखल घेतली नाही. छापील अंक असते तर घेतली असती काय? आम्हांस शंका आहे.

आमच्या कर्जतच्या भाई कोतवालांचे सिद्धगड विद्यार्थ्यांस दाखविण्यास आम्ही दर 2 जानेवारीला जातो. त्याच डोंगररांगेत दक्षिणेकडे आंबोली आहे. लिबिया लोबो सरदेसाई यांना 2025 मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या वर्गात त्यांचे नाव एकाही मुलाने ऐकलेले नव्हते. आणि शिक्षकांपैकी दोघांनीच.